पाट्या वाचत फिरूया : ग्राफिक डिझाइन शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

पिनर, हॅरो, नॉर्थवुड आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांना नमस्कार. आणि ही संहिता नंतर कुठूनही सवडीनं वाचणाऱ्यांनाही. आज ऐकायला बसताना एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. घरात बारा ते अठरा वर्षांचं कुणी असेल, तर त्यालाही हाक मारा. विषय त्याच्या कामाचा आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कधी ना कधी एक संवाद होतो. मुलगी म्हणते, मला ग्राफिक डिझाइन शिकायचंय. आई म्हणते, छान, पण छंद म्हणून ठेव ना. बाबा विचारतात, नोकरी कुठे मिळते यात? आजी व्हिडिओ कॉलवरून म्हणते, म्हणजे नक्की काय करायचं असतं गं? आणि मुलगी दार लावून आपल्या खोलीत निघून जाते. कुणाचंच फार चुकलेलं नसतं. आईबाबांनी खस्ता खाऊन इथे बस्तान बसवलेलं असतं, आणि मुलीला जे दिसतंय ते शब्दांत सांगता येत नसतं.

तर आज दोन गोष्टी बोलू. ग्राफिक डिझाइन शिकतात म्हणजे काय करतात, आणि त्यात फिरण्याला एवढं महत्त्व का. आणि दुसरं म्हणजे, मराठी घरातल्या मुलाकडे या अभ्यासासाठी जे भांडवल आपसूक असतं, ते वापरलं नाही तर कसं हातातून निसटतं.

सुरुवात आपल्या स्टेशनपासूनच करू. पिनर स्टेशन १८८५ सालचं. रोज आपण तिथल्या पाट्या बघतो आणि वाचतो, पण अक्षरं बघत नाही. पुढच्या वेळी कुठल्याही पाटीवर इंग्रजी छोटा ‘आय’ शोधा आणि त्याच्यावरचा ठिपका बघा. तो गोल नाही. टोकावर उभा केलेला चौकोन आहे, पत्त्यातल्या चौकटसारखा.

हा चौकोन आला कुठून? लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी ही अक्षरं एडवर्ड जॉन्स्टन यांनी काढली. फ्रँक पिक यांनी त्यांना हे काम १९१३ मध्ये सांगितलं आणि १९१६ मध्ये अक्षरं वापरात आली. जॉन्स्टन यांचा जन्म १८७२ सालचा, तोही उरुग्वेमधला. अक्षरं काढायला ते कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन ते जुनी हस्तलिखितं तासन्‌तास बघत बसत. हे वळण कुठल्या टोकाच्या लेखणीतून आलं असेल, लेखणी कशी धरली असेल, हात कुठून कुठे गेला असेल, हे त्यांनी स्वतः लिहून लिहून शोधलं. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितावरून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कित्ता तयार केला. ते हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे. रुंद टोकाच्या लेखणीनं नुसता ठिपका दिला तर तो चौकटसारखाच उमटतो. त्या लेखणीची आठवण म्हणून तो ठिपका रेल्वेच्या पाटीवर राहिला आहे.

आता आपल्या देवनागरीकडे या. आजोबांच्या पिढीनं बोरूनं कित्ता गिरवलेला असेल किंवा निदान त्याबद्दल ऐकलेलं असेल. बोरू म्हणजे वेताची किंवा बरूची लेखणी, टोक तिरकं कापलेलं. त्या बोरूनं अनुस्वार दिला की तोही तसाच चौकटसारखा उमटतो. म्हणजे पिनर स्टेशनवरच्या ‘आय’चा ठिपका आणि पोथीतला अनुस्वार एकाच घराण्यातले निघाले!

पण गंमत पुढे आहे. लॅटिन अक्षरांसाठी लेखणीचं टोक ज्या बाजूला तिरकं धरतात, त्याच्या बरोबर उलट बाजूला देवनागरीचा बोरू कापतात. त्यामुळे इंग्रजीत जी तिरकी रेघ जाड येते, ती देवनागरीत बारीक येते, आणि बारीक असते ती जाड. इथे सुलेखनाची निब विकत घेऊन मुलं ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहायला बसतात, आणि अक्षर कुठेतरी परकं वाटतं. का, ते कळत नाही. कारण हे आहे. लेखणी तीच, पण कोन परक्या भाषेचा.

हे पुस्तकात वाचून एका मिनिटात कळतं. पण ज्यानं बोरू कापणारा माणूस समोर बसून बघितलाय आणि स्वतः दहा ओळी काढल्यात, त्याचा हात ते विसरत नाही. ग्राफिक डिझाइनमध्ये फिरून शिकण्याचा अर्थ मला एवढाच लावावासा वाटतो. जे बनलेलं आहे ते जिथे बनलं तिथे जाऊन, बनवणाऱ्याला विचारून आणि वापरणाऱ्याला बघून समजून घ्यायचं.

याचं आणखी एक उदाहरण देतो, ते तुम्ही रोज गाडी चालवताना बघता. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या आजच्या पाट्या जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्या. १९६५ पासून त्या देशभर लागू झाल्या. कॅल्व्हर्ट लहानपणी दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडला आलेल्या. शाळेजवळची ती पाटी आठवा, हात धरून जाणारी दोन मुलं. आधीच्या पाटीत दप्तर घेतलेला मोठा मुलगा पुढे असायचा. कॅल्व्हर्टनी ते उलटं केलं. मोठी मुलगी धाकट्या मुलाला हाताला धरून नेते आहे, आणि ती मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणावरून काढली. वेगात असलेल्या गाडीतून शब्द लवकर वाचता यावा म्हणून गावांची नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत न लिहिता पहिलं मोठं आणि बाकीची लहान अक्षरं ठेवली. हे टेबलावर बसून ठरवलं नव्हतं. पाट्या मोकळ्या मैदानात उभ्या करून किती अंतरावरून वाचता येतात ते तपासलं गेलं होतं. वाचणारा कोण, किती लांब, किती घाईत, हे प्रश्न आधी. सुंदर दिसणं नंतर.

मग आपल्या मुलानं कुठे फिरायचं? विमानाचं तिकीट लगेच काढू नका. पहिला अभ्यास पिनरमध्येच होतो.

शनिवारी सकाळी हाय स्ट्रीटवर जा. वरच्या टोकाला जुनं चर्च, उतारावर लाकडी चौकटीची जुनी घरं, मध्ये दुकानं आणि पब. पबवर नावाबरोबर चित्राचीही पाटी टांगलेली असते. ‘क्वीन्स हेड’ म्हटलं की राणीचं डोकं. जुन्या काळी बहुतेकांना वाचता येत नसे आणि दुकानांना नंबरही नसत, म्हणून चित्र हाच पत्ता. लंडनच्या अशा जुन्या दुकानांच्या पाट्या आणि व्यापाऱ्यांची छापील कार्डं आयुष्यभर जमवणारे एक गृहस्थ काही वर्षं आपल्या पिनरमध्येच राहत होते. सर अँब्रोज हील, लंडनच्या प्रसिद्ध फर्निचर दुकानाचे मालक. त्यांनी जमवलेली कार्डं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मुलाला हे सांगताना भारतातल्या निवडणुकीची चिन्हंही आठवून द्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र मिळालं. बैलजोडी, झोपडी, अशी. राणीचं डोकं आणि बैलजोडी, दोन्हींचा प्रश्न एकच होता : न वाचणाऱ्याला खूण कशी पटवायची? असा धागा जुळला की मूल नुसते फोटो काढत नाही, विचार करायला लागतं.

पिनरची जत्राही अशीच. एडवर्ड तिसऱ्यानं १३३६ मध्ये तिला सनद दिली, आणि आजही वसंतातल्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी हाय स्ट्रीट बंद करून पाळणे लागतात. तुम्ही मुलांना दरवर्षी नेत असाल. यंदा एक काम द्या. पाळण्यांवर, खेळांच्या गाड्यांवर अक्षरं कशी रंगवली आहेत ते बघायचं. अक्षराला सावली आहे का, सोनेरी कड आहे का, अक्षर पुढे झुकलेलं का आहे? मग भारतात गेल्यावर गावच्या जत्रेत तेच बघायचं. मौत का कुआँ, आकाशपाळणा, तमाशाच्या फडाच्या गाडीवर रंगवलेलं नाव. तिथेही सावली, तिथेही कड. दोन्हीकडे माणसाला लांबून, गर्दीतून, रात्रीच्या दिव्यात बोलवायचं असतं. काय सारखं आलं आणि काय वेगळं, हे दोन पानांवर समोरासमोर मांडलं तर तो एक उत्तम प्रकल्प होतो. आणि मेमोरियल पार्कमधलं हीथ रॉबिन्सन म्युझियम विसरू नका. चित्रकार विल्यम हीथ रॉबिन्सन काही वर्षं पिनरला राहिले. साध्या कामासाठी दोऱ्या-कप्प्यांची अजब यंत्रं काढणारा हा माणूस. त्या यंत्रांतला विनोद एक शब्दही न वाचता कळतो.

दुसरा अभ्यास रेल्वेच्या एका तिकिटाचा. मेट्रोपॉलिटन लाइननं ऑल्डगेटपर्यंत जा, तिथून चालत व्हाइटचॅपल. त्या स्टेशनवर मार्च २०२२ पासून नाव बंगालीतही आहे. साउथॉल स्टेशनवर गुरुमुखी आहे. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती. आता मुलाला विचारा, या तीन लिप्यांत मोठा फरक कोणता? बंगाली आणि गुरुमुखीला वर रेघ आहे, आपल्या शिरोरेषेसारखी. गुजरातीला नाही. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात, आणि आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. मग एकाच पाटीवर उभं राहणारं आणि लटकणारं शेजारी कसं बसवायचं? दोन्ही सारख्याच मानाची कशी दिसतील? इथे परप्रांतीय लिपी पाहुणी वाटते की घरची? हा निव्वळ सजावटीचा प्रश्न नाही, हे आपल्याला, परदेशात राहणाऱ्यांना, वेगळं सांगायला नको.

आता कागद पेन्सिल घ्या. ‘ल’ लिहा. त्याखाली ‘श’ लिहा. घरातल्या प्रत्येकानं लिहा, एकमेकांचं न बघता.

लिहिलं? आता बघा. आजीचा ‘ल’ बहुधा दोन पाकळ्यांचा असेल, आणि उजवीकडे उभा दंड नसेल. संगणकावर टाइप केलेला ‘ल’ बऱ्याचदा उभ्या दंडाचा असतो. तो हिंदी वळणाचा. ‘श’चंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयात महाराष्ट्र सरकारनं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. संगणकाच्या दृष्टीनं मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ एकच अक्षर आहे. फॉन्ट बनवणाऱ्यानं मराठीसाठी वेगळं रूप आत ठेवलं असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल, तरच ते दिसतं.

आणखी एक लिहा. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी! सगळा फरक त्या छोट्या आडव्या ‘र’चा. हिंदीला या ‘र’ची गरज पडत नाही. ज्या फॉन्टमध्ये तो नीट काढलेला नाही, त्या फॉन्टमध्ये लग्नपत्रिका छापली तर गुरुजी आणि आचारी यांचा घोळ ठरलेला.

लंडनमध्ये भल्याभल्या डिझाइन स्टुडिओतल्या माणसाला हे माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या मुलीला मात्र ते जेवणाच्या टेबलावर कळू शकतं. भांडवल म्हणतो ते हे. इथे हजारो हुशार मुलं डिझाइन शिकतात. त्यातल्या दोन लिप्या घरात ऐकणाऱ्या, बघणाऱ्या मुलांकडे एक जास्तीची खिडकी असते.

पण ती खिडकी उघडी ठेवावी लागते. आपली बरीच मुलं मराठी बोलतात, समजतात, पण वाचत नाहीत. ‘ळ’ दिसला की थबकतात. मग भारतात जाऊन पाटीचा फोटो काढला तरी ते त्यांच्यासाठी नुसतं नक्षीकाम राहतं, जसं कुठल्याही पर्यटकासाठी असतं. आडनाव मराठी आहे म्हणून डोळा मराठी होत नाही. हे थोडं बोचेल, पण ते आत्ताच बोललेलं बरं. उलट दुसरी बाजूही आहे. रविवारच्या मराठी वर्गाला जायला कंटाळणारं मूल अक्षरं काढायला बसलं, तर बाराखडी मागच्या दारानं घरात येते. वाचायला शीक म्हटलं की नको असतं. हा ‘क्ष’ कसा बांधला असेल ते काढून दाखव म्हटलं की तासभर बसतं.

आता भारताच्या फेरीबद्दल. दरवर्षी किंवा वर्षाआड आपण जातोच. लग्नं, मुंजी, देवदर्शन, खरेदी, आणि परत. कॉलेजातली मुलं परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी पैसे भरून जातात, आणि आपली मुलं ज्या दौऱ्यावर आजीच्या हातचं जेवून येतात, त्यात वहीचं एक पान भरत नाही. यंदा त्यातले तीन दिवस बाजूला काढा. तीनच.

पहिला दिवस मुंबईच्या लोकलचा. स्टेशनच्या नावाच्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी असतात. ‘शीव’ आणि ‘सायन’ एकाच पाटीवर. एकच देवनागरी लिपी, दोन भाषा. दोन्ही ओळींत ‘ल’ आणि ‘श’ सारखेच काढलेत की वेगळे, हे मुलानं टिपायचं. बेस्टच्या बसवर देवनागरी आकडे दिसले की ते लिहून घ्यायचे. त्या निमित्तानं आकडे पाठ होतात.

दुसरा दिवस बाजारपेठेचा. दादर, पुण्याची लक्ष्मी रोड, कोल्हापूरची महाद्वार रोड, जे तुमचं गाव असेल ते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. आता डिझाइनरचा प्रश्न बघा. ‘लहान नको’ म्हणजे काय मोजायचं? आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. सगळी उंची धरून इंग्रजीएवढी केली, तर मधलं अक्षर बारीक दिसतं. नुसतं मधलं अक्षर इंग्रजीएवढं केलं, तर पाटी उंच करावी लागते, आणि भाडं पाटीच्या जागेचंही असतं. कुठल्या दुकानानं यातून कसा मार्ग काढलाय? कुणी इंग्रजी अक्षरांना वरून रेघ मारून ‘मराठी’ केलंय? कुणी नव्यानं, प्रेमानं अक्षर घडवलंय? वीस पाट्या बघितल्या की मत तयार होतं, पन्नास बघितल्या की नजर.

तिसरा दिवस माणसाचा. हाच सगळ्यात मोलाचा. हातानं पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्स आल्यापासून कमी झालेत, पण संपलेले नाहीत. ट्रकच्या, टेम्पोच्या अड्ड्यावर, शाळेच्या भिंतीवर, तालमीच्या दारावर त्यांचं काम दिसतं आणि कोपऱ्यात नावही असतं. मामाला, काकाला सांगून त्यांना गाठा. कोल्हापूरला तर हा मान फार जुना आहे. बाबूराव पेंटर, १८९० चा जन्म, मूक चित्रपटांचे दिग्दर्शक. रंगकामावरून पडलेलं ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टर्स ते स्वतः रंगवत.

तिथे गेल्यावर मुलानं काय करायचं? आधी नमस्कार, मग स्वतःचं नाव, कुणाचा कोण, आणि काका, तुमचं काम बघायला आलोय, बसू का, असं विचारायचं. फोटो काढण्याआधी परवानगी. त्यांच्या कामाचा तास आपण खातोय, तर एक छोटी पाटी करून घ्यायची आणि तिचे रीतसर पैसे द्यायचे, घासाघीस न करता. नाव विचारून वहीत लिहायचं. ‘भारतीय पेंटर’ अशी नोंद नको. जॉन्स्टनला नाव असतं, तसं यांनाही असतं.

मग पाच प्रश्न विचारायचे. हे लिहून घ्या.

एक : सुरुवात कुठून करता? शिरोरेषा आधी की अक्षरं आधी? शाळेत आपण रेघ शेवटी मारतो. ते काय करतात, बघा.

दोन : शब्द पाटीत मावत नसेल तर काय लहान करता?

तीन : जोडाक्षर शेजारी लिहिता की एकाखाली एक? ‘विठ्ठल’ लिहून दाखवा म्हणावं.

चार : वाचणारा कुठून वाचणार आहे? चालत, गाडीतून, की समोर उभा राहून?

पाच : हे तुम्ही कुणाकडून शिकलात?

पाचव्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तर येतं. ते येऊ द्या, मध्ये बोलू नका. आणि हे सगळं मराठीतच व्हायला हवं, मोडकंतोडकं चालेल. मुलं अडखळली की आपण पटकन पुढे होऊन बोलतो. तो मोह आवरा. चहा घ्या आणि गप्प बसा. मुलाला वाक्य जुळवू द्या.

हे कागदावर आलं की इथे त्याचं काय होतं, असं आईबाबा विचारतील. इथल्या डिझाइन अभ्यासक्रमांना प्रवेश देताना पोर्टफोलिओ बघतात. त्यात तयार, चकचकीत चित्रांइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, विचार कसा होत गेला ते बघतात. नोंदवही, खोडलेलं, पुन्हा काढलेलं, माणसांशी बोलून टिपलेलं. जीसीएसई आणि ए लेव्हलच्या आर्ट अँड डिझाइनमध्येही ही कच्ची वही मोजली जाते. जत्रेची दोन पानं, वीस पाट्यांचा तक्ता, पेंटरकाकांची मुलाखत, आणि त्यातून मुलानं स्वतः केलेली एक दुभाषी पाटी. एवढं असलं की मुलाखतीत बोलायला स्वतःचं काही असतं.

आणि हे काम कुठे चालतं? आपल्याच लाइनवर, नॉर्थविक पार्कला, वेस्टमिन्स्टर विद्यापीठाचं हॅरो कॅम्पस आहे. तिथे कला आणि डिझाइन शिकवतात. रेडिंग विद्यापीठात टाइपोग्राफीचा स्वतंत्र विभाग आहे. भारतीय लिप्यांच्या टाइपवर आयुष्य घालवलेल्या फियोना रॉस तिथे शिकवत आल्या. मुंबईत जे. जे. उपयोजित कला संस्था, आणि पवईला आयआयटीचं १९६९ पासूनचं औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आयडीसी. तिथे शिकवणारे र. कृ. जोशी, सुलेखनकार आणि कवी, यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट केला. विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या अगणित लोकांनी त्यांची अक्षरं वापरली, त्यांचं नाव न कळता. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून त्यातून आजचं सुलेखन उभं केलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट अनेक भारतीय लिप्यांत केले, आणि ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. फोन, ॲप, नकाशे, दवाखान्यातली माहितीपत्रकं, सगळ्यांना आता अनेक लिप्या लागतात. तिथे ही नजर कामाला येते. पगार किती, याची हमी मी देणार नाही. डिझाइनमध्ये स्पर्धा आहे आणि सुरुवातीची वर्षं कष्टाची असतात. पण हे काम पोरखेळ नाही, एवढं तरी आता दिसलं असेल.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. आपल्या मंडळांच्या गणपतीच्या, दिवाळीच्या पत्रकांत कधी कधी ‘ि’ भलत्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायला लागतात. दोष बहुधा फॉन्टचा नसतो. चित्र आणि मांडणीच्या काही प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची रचना पाश्चात्त्य लिप्यांसाठी असते. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन जागतिक किंवा दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो, की अक्षरं जागेवर येतात. हे काम तुमच्या मुलावर सोपवा. मंडळाला पत्रक नीट मिळेल, मुलाला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळेल, आणि ते गिऱ्हाईक वेलांटी चुकली की लगेच फोन करेल, यात शंका नाही!

थोडक्यात, मुलीनं दार लावून घेण्याआधी तिला एवढंच विचारा : चल, या शनिवारी हाय स्ट्रीटवर कुठल्या पाट्या बघायच्या, तू दाखव. पुढे ती डिझाइनर होईल, नाहीतर डॉक्टर होईल. पण आजोबांची जुनी पत्रं कपाटातून निघाली, तर ती उघडून वाचणारं कुणीतरी घरात असेल.

वही भरायला लागली की आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.